कोकणात मुलांना घेऊन वस्तुसंग्रहालयं: कुठली, किती आणि कशी?

सुरंगी

नाताळच्या सुट्टीत सहा दिवस कोकणात जातोय. दादरहून तुतारी एक्स्प्रेसने पहाटे रत्नागिरी, तिथे तीन रात्री, मग कुडाळ-सावंतवाडीकडे दोन. मंडळी पाच: आम्ही दोघं, सासूबाई (गुडघे कुरकुरतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त), लेक अकरा वर्षांची, चिरंजीव सहाचे.

समुद्र, मोदक, मासे यांची चिंता नाही, ते नवऱ्याने वाटून घेतलंय. माझा प्रश्न दुपारचा आहे. बारा ते चार किनाऱ्यावर मुलं भाजून निघतात आणि खोलीत ठेवली की मोबाईल मागतात. त्या वेळात एखादं संग्रहालय करावं असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, "कोकणात जाऊन कपाटं काय बघायची?" त्याचंही अगदीच चुकीचं नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात आम्ही अडीच तास काढले. लेक प्रत्येक पाटी वाचत होती आणि चिरंजीव तलवारींच्या दालनात बाकाखाली झोपले. बाहेर आल्यावर काय आवडलं विचारलं, तर म्हणे लिफ्ट.

तर जाणकारांनी सांगा. नुसती यादी नको, यादी गुगलही देतं. मुलांना घेऊन गेलेल्यांचा अनुभव हवाय.

पऱ्यापलीकडे

रत्नागिरीचाच आहे, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

पहिला मान थिबा राजवाड्याला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, राजधानी मंडाले. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी बायकामुलांसकट त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा मात्र १९१० च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं राजा दुसऱ्या बंगल्यांत राहिला. १९१६ मध्ये तो इथेच गेला. समाधीही गावातच आहे. राजाची एक नात इथेच वाढली आणि मराठी बोलत म्हातारी झाली. आमच्या आधीच्या पिढीतल्या लोकांनी तिला पाहिलेलं आहे.

आत वस्तू फार नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर येऊन मला शिव्या घालाल. मोठ्या खोल्या, रंगीत काचा, लाकूडकाम, काही मूर्ती. सोमवारी बंद असतो.

पण माझा सल्ला असा, की तो एकटा बघू नका. सकाळी आधी टिळक आळीत जा, टिळकांच्या जन्मघरी. कौलारू घर, अर्ध्या तासात बघून होतं. मग राजवाडा. आणि मुलांना एवढंच सांगा: रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी १९०८ ते १९१४ मंडालेला तुरुंगात ठेवलं आणि मंडालेच्या राजाला त्याच वर्षांत रत्नागिरीत ठेवलं होतं. माझ्या भाचीला हे सांगितलं तेव्हा ती जिन्यातच थांबली. म्हणाली, "मग त्यांनी घरं बदलून का नाही घेतली?" मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

भरती_ओहोटी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सुट्टीची शाळा करू नका. सहा वर्षांच्या पोराला खेकड्याच्या बिळात काडी घालायला दिलीत तर त्याला थिबापेक्षा जास्त कळेल. आमच्या लहानपणी बाबांनी आम्हाला असंच ज्ञानाच्या मागे फिरवलं. मला त्यातलं काहीही आठवत नाही, फक्त बाबांचा घामेजलेला सदरा आठवतो.

दुपारी झोपा. कोकणात दुपार झोपण्यासाठीच असते.

चष्मेवाली_चिमणी

@भरती_ओहोटी, सदरा आठवतो ना? मग बाबांचे पैसे वसूल झाले की. :)

सुरंगी, माझी दोन मुलं आहेत, आता नऊ आणि तेरा. बऱ्याच चुका करून झाल्यावर आमच्याकडे आता एकच नियम उरलाय. दिवसाला एक जागा आणि तीही पाऊण तास. पाऊण तासाने कुणी "अजून थोडं" म्हणालं तरी निघायचं. भूक ठेवून उठावं तसं.

आत शिरताना मी त्यांना काहीच सांगत नाही. पूर्वी सांगायचे. राजघराणी, सनावळ्या, सगळं रात्री वाचून जायचे आणि दारातच ओकायचे. आता प्रत्येकाने एक वस्तू निवडायची आणि ती वहीत काढायची. एकच. थोरल्याने एकदा थिबा राजवाड्यात दाराची कडी काढली होती. पुतळे नाहीत, राजा नाही, कडी. मी जरा खट्टू झाले होते. पण ती कडी कशी फिरते ते तो अजून सांगतो.

खाऊन जा. पाणी पिऊन, शी-शू करून जा. बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृह असतं, पण त्याची किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्ही वीज बचतीच्या तावडीत सापडलो. एका दालनातून बाहेर पडलो की राखणदार मागचे दिवे बंद करायचा. धाकटीला वाटलं हा खेळच आहे, ती पुढे पळत सुटली. सहा दालनं चार मिनिटांत.

अवांतर: गाडी तुतारीच ठेवली असशील तर गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला जा. तुतारी हे नाव केशवसुतांच्या कवितेवरून दिलंय आणि केशवसुत मालगुंडचे. १८६६ चा जन्म, १९०५ मध्ये गेले, चाळिशीही पाहिली नाही. तिथे त्यांचं स्मारक आहे. ज्या गाडीत रात्रभर झोपलो तिचं नाव ज्यांच्यामुळे पडलं त्यांचं गाव, एवढा धागा मुलांना पुरतो. सासूबाईंना बसायला सावलीही मिळेल.

कातळकाका

निवृत्त शिक्षक. राजापूर तालुक्यात सदतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे लांबण लागेल, क्षमस्व.

छप्पर असलेलंच संग्रहालय हवं असा हट्ट नसेल तर मुलांना सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) न्या, कातळशिल्पं दाखवा. जांभ्याच्या उघड्या कातळावर कोरलेली चित्रं. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर ठिकठिकाणी आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्याआधी आमच्याच गावातली पोरं त्यांच्यावरून गुरं हाकत होती, आणि खोटं कशाला सांगू, मीही त्यांच्यावरून सायकल घातलेली आहे.

कशेळीचा हत्ती बघाच. सुमारे अठरा मीटर लांबीचा. त्याच्या अंगातच दुसरे प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. जवळ उभं राहिलं की नुसत्या रेघा दिसतात. हत्ती आहे हे कळायला बाजूने एक फेरी मारावी लागते. इथेच मुलं मोठ्यांना हरवतात. मोठी माणसं "कुठाय, कुठाय" करत राहतात आणि पोरगं सोंडेवर बोट ठेवून मोकळं होतं. कोकणात आज औषधालाही न सापडणारे गेंड्यासारखे प्राणीही काही ठिकाणी कोरलेले आहेत. ते इथे कसे आले हा प्रश्न मुलांनाच विचारा, तुम्ही उत्तर देऊ नका.

देवाचं गोठणं इथे एक उभी मानवाकृती आहे. तिथे होकायंत्र ठेवलं की काटा भरकटतो. मी वर्गात खडूने उत्तर दिशा काढून काढून थकलो, पण पोरांना उत्तर दिशा काय चीज आहे ते त्या कातळावर कळलं, काटा खोटं बोलायला लागला तेव्हा.

आता सूचना, आणि या मी हात जोडून करतो. चपला काढून बाजूला उभे राहा, रेषांवर पाय नको. फोटो नीट यावा म्हणून रेषांत खडू किंवा पाणी घालू नका. आणि दुपारी बारा ते चार तर मुळीच नको, सुरंगीताई. तुमची नेमकी तीच वेळ रिकामी आहे याची कल्पना आहे, पण डोक्यावरच्या उन्हात रेषा दिसतच नाहीत. सकाळी आठला किंवा साडेचारनंतर जा. ऊन तिरकं पडलं की सावली खाचेत उतरते आणि हत्ती उठून उभा राहतो.

सुरंगी

काका, लांबण कसली, तुम्ही अजून लिहा!

म्हणजे सकाळी सडा, दुपारी छपराखाली, संध्याकाळी समुद्र. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणतो यात मासे कधी खायचे.

सासूबाईंना कशेळीला चालणं किती?

कातळकाका

सपाटी आहे, पण कातळ खडबडीत. काठी आणि जाड तळव्याच्या चपला. नपेक्षा त्यांना जवळच कनकादित्याच्या मंदिरात बसवा. सूर्याचं जुनं मंदिर आहे, गार असतं आत. माझी आई नेहमी तिथेच बसायची आणि म्हणायची, दगडावरचा हत्ती मला घरी येऊन सांगा.

अष्टागरवाला

होकायंत्रावरून आठवलं. सुरंगीताईंच्या वाटेवर नाही, पण मुंबईकरांना एका दिवसात जमेल म्हणून लिहितो. अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं पूर्वी मुंबईत कुलाब्याला व्हायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने मापं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. लगेच जुनी बंद केली नाही, जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून दोन्हीकडे काही काळ मोजमाप चालू ठेवलं. इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. हे कार्यालय आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही, तेव्हा आधी विचारून परवानगी घ्या. आमच्या शाळेने नेलं होतं. एका मुलाच्या पट्ट्याच्या बक्कलावरून केवढा गोंधळ झाला होता!

विजयदुर्गचा_वारा

विज्ञानच दाखवायचं तर विजयदुर्गला न्या की. १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. तिथे साहेबाचे ओटे आहेत, त्यावर दुर्बीण ठेवून इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी वेध घेतले. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन असतो.

चष्मेवाली_चिमणी

हे मीही मुलांना छातीठोकपणे सांगितलं होतं आणि मग माझ्या तेरा वर्षांच्या शहाण्याने मला तोंडघशी पाडलं. लॉकियर त्या ग्रहणाला भारतात आलेच नव्हते. हेलियम ज्यावरून ओळखला ती सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा त्यांनी इंग्लंडमधूनच टिपली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना. ग्रहणाच्या दिवशी सूर्यप्रकाशाचे वेध घेणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनही विजयदुर्गावर नव्हते, आंध्रात गुंटूरला होते.

विजयदुर्गचा_वारा

आमच्या गावचा हेलियम तुम्ही गुंटूरला नेलात! बरं. ओटे तरी आमचेच राहू द्या.

कातळकाका

ओटे बघायला जरूर न्यावं. गोष्टही सांगावी, आणि ती गोष्ट कशी वाढत गेली तेही सांगावं. मी वर्षानुवर्षं वर्गात लॉकियरना विजयदुर्गावर चढवत होतो. माझे किती विद्यार्थी आजही तसंच सांगत असतील, देव जाणे.

मालवणी_खाजा

गो ताई, कुडाळाक येतास आणि पिंगुळीचा नाव कोणी घेवक नाय? कमाल झाली!

आता सगळ्यांना कळेल असं लिहिते. कुडाळपासून पिंगुळी अगदी जवळ. तिथे ठाकर समाजाच्या कलेचं संग्रहालय आहे, परशुराम गंगावणे यांनी उभं केलेलं. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. संग्रहालय कुठे? गुरांच्या गोठ्यात. गोठा साफ करून त्यातच बाहुल्या आणि चित्रं मांडली. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि चित्रकथी. एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात गात रामायण-महाभारतातली गोष्ट सांगायची, असा तो प्रकार.

आधी फोन करून गेलात तर खेळ बघायला मिळतो. माझा चेडू (म्हणजे लेक) आठ वर्षांचा, एका जागी दोन मिनिटं बसत नाही. पडद्यामागे दिवा लागला, चामड्याचा मारुती हलला आणि ती जी बसली! खेळ संपल्यावर त्यांनी तिला पडद्यामागे बोलावून बाहुली हातात दिली. बाकी संग्रहालयांत "हात लावू नका"च्या पाट्या असतात, इथे हातातच देतात. मी मात्र काळजीने अर्धी झाले, जुनी बाहुली, ही मेली तोडून ठेवील. तोडली नाही.

आणि जाताना काहीतरी विकत घ्या. कौतुक करून हात हलवत निघू नका. कलेवर पोट आहे त्यांचं.

पऱ्यापलीकडे

+१. रत्नागिरीचं एक राहिलं. सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय. कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. जिवंत मासे आहेत आणि शेजारी देवमाशाचा भलाथोरला सांगाडा. सहा वर्षांच्या माणसासाठी हेच ताजमहाल समजा. दुपारची वेळ, छप्पर, सगळं जमतं.

गणपतीपुळ्याचं 'प्राचीन कोकण' संग्रहालयही दुपारी चालेल, झाडं आहेत. जुना गावगाडा पुतळ्यांतून उभा केलाय, बलुतेदार वगैरे. माणूस बरोबर फिरून माहिती सांगतो. मला पुतळे जरा चकचकीत वाटतात, पण मुलांना ते खटकत नाही.

भरती_ओहोटी

देवमाशाच्या सांगाड्याला मी जाईन. बाकी मत कायम.

सुरंगी

मंडळी, जाऊन आले! कपडे अजून दोरीवर आहेत, पण आधी इथे लिहिते.

सहा दिवसांत सहा जागा झाल्या. टिळकांचं घर आणि थिबा राजवाडा एका सकाळी, त्यामुळे चिमणीचा नियम पहिल्याच दिवशी मोडला. लेकीला मंडाले-रत्नागिरीची गोष्ट सांगितली. ती थांबली वगैरे नाही, मला उलट विचारलं की राजाला रत्नागिरीत मराठी येत होतं का, आणि टिळकांना ब्रह्मी? मग दिवसभर तोच विषय. हॉटेलच्या वेटरला तिने विचारलं, तुम्हाला इथून कुठे पाठवलं तर कुठली भाषा शिकाल? तो बिहारचा होता. म्हणाला, "मराठी तो सीख ही रहे हैं." ती जरा गप्पच झाली मग.

चिरंजीवांनी राजवाड्यात काय काढलं? कबुतर. खिडकीत बसलेलं. मी "अरे, आतलं काहीतरी काढ" म्हणणार होते, जीभ चावली.

देवमाशाचा सांगाडा सुपरहिट. तीन वेळा मोजून झाला, प्रत्येक वेळी बरगड्यांचा आकडा वेगळा. नवरा तिथे सर्वांत जास्त रमला, हे त्याला इथे लिहू नको असं सांगितलंय त्याने.

कशेळीला साडेसातलाच पोचलो. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं, हत्ती आधी चिरंजीवांना दिसला. सासूबाई मंदिरात बसणार होत्या, पण ऐनवेळी काठी टेकत आल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, आमच्या अंगणात रांगोळी काढताना आई अशीच मोठ्या चित्राच्या पोटात लहान चित्रं भरायची. रिकामी जागा ठेवायची नाही म्हणे. लग्नाला तेरा वर्षं झाली, त्यांच्या आईबद्दल मी पहिल्यांदा काही ऐकलं.

पिंगुळीला खेळ बघितला, दोन चित्रं घेतली. मालवणी खाजा, तुमच्या चेडवासारखं आमचं ध्यानही हललं नाही. कळसूत्री बाहुली त्याच्या हातात दिली तर दोऱ्यांचा असा गुंता केला की सोडवायला दहा मिनिटं लागली. ते शांतपणे सोडवत होते आणि मी घाम पुसत होते.

शेवटचं सावंतवाडीचा राजवाडा. इथे कुणी गंजिफाचं लिहिलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते. हाताने रंगवलेले गोल पत्ते, वर लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण एकशेवीस पत्ते. कारागीर तिथेच बसून रंगवत होते. केसाएवढी रेघ ओढताना ते श्वास रोखतात आणि बघता बघता आमची दोन्ही मुलंही श्वास रोखून उभी. पूर्ण जोडाची किंमत ऐकून मीही रोखला.

मग चितारआळीत लाकडी फळं घेऊन वेळ मारून नेली.

चष्मेवाली_चिमणी

कबुतर! मी म्हटलं नव्हतं?

सहांपैकी एकही पाऊण तासात आटोपलं नसणार, खरं सांग.

सुरंगी

राजवाडा पन्नास मिनिटं. बाकी विचारू नकोस.

कातळकाका

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. रांगोळीचं वाचून बरं वाटलं.

गंजिफा खेळायला शिकलात की नुसते पत्ते बघितलेत? डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णवाल्याने. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. त्यातही अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि अर्ध्यांत एक्का मोठा, त्यामुळे लक्षात ठेवताना म्हाताऱ्यांची भंबेरी उडते आणि पोरं जिंकतात.

सुरंगी

काका, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि घरात कारखाना सुरू झाला. सासूबाईंनी वीस वर्षांच्या लग्नपत्रिका जपून ठेवल्यात, त्या बाहेर काढल्या. मुरांब्याच्या बरणीचं झाकण ठेवून गोल आखायचे, कापायचे. मासा आणि कासव चिरंजीवांकडे, परशू आणि तलवार लेकीकडे. एकशेवीसपैकी एकोणसत्तर झालेत. काही पत्त्यांच्या मागे "लग्नाला यायचं हं" असं अर्धवट दिसतं, त्यामुळे कुणाच्या हातात काय आहे ते सगळ्यांना कळतं, पण हरकत नाही.

अर्ध्याच जोडावर काल पहिला डाव मांडला आणि लगेच भांडण. वेळ साडेसहाची. लेक म्हणे अजून उजेड आहे, राम. चिरंजीव म्हणे सूर्य गेला, कृष्ण (कारण कृष्ण त्याच्याकडे होता). आता दिवस धरायचा की रात्र?

मालवणी_खाजा

देवाकडे दिवो लागलो की रात्र. आमच्या आजयेचो हिशोब.

सुरंगी

सासूबाई हे वाचून लगेच दिवा लावायला उठल्यात. नातवाच्या बाजूने आहेत त्या.